भरवशाची आणि लहरी

गेल्या महिन्यात एका रात्री अकराच्या सुमारास माझ्या भाचीचा विलायतेहून फोन आला. ती बर्मिंगहॅमला डॉक्टर आहे. अवेळी घंटा वाजली की आमच्या घरात अजूनही सगळे उठून बसतात. तार येण्याच्या दिवसांची धास्ती हाडांत मुरली आहे, ती काही जात नाही. पण बातमी वाईट नव्हती. "मामा, मला मोटार घ्यायची आहे. दोन पाहून ठेवल्या आहेत. तुम्ही सांगाल ती घेते," ती म्हणाली.

दोन्ही मोटारी उघड्या टपाच्या, दोन माणसांपुरत्या. एक जपानी, माझदा कंपनीची, दोन-चार वर्षे वापरलेली. दुसरी इंग्रजी, लाल, वयाने माझ्या भाचीपेक्षाही मोठी. "पहिली कधी बिघडत नाही म्हणतात. दुसरी बिघडते, हे विकणाराच सांगतो आहे. पण मामा, ती चालवून पाहिली ना, तेव्हा..." एवढे बोलून ती थांबली. वाक्य तिने पुरे केले नाही, आणि मलाही ते पुरे करून नको होते. रविवारी सांगतो म्हणून मी फोन ठेवला आणि दिवा मालवला. झोप मात्र लागली नाही.

तसे पाहिले तर उज्जैनकराला हा प्रश्न नवा नाही. आपले गाव शिंद्यांचे आणि आपली निम्मी सोयरीक होळकरांच्या इंदुरात. मधला रस्ता जेमतेम पंचावन्न किलोमीटरांचा. १८०१ च्या जुलैत यशवंतराव होळकरांनी उज्जैनीस शिंद्यांची फौज मोडली आणि ऑक्टोबरात शिंद्यांच्या फौजेने इंदूर लुटले, हा हिशेब आपण लग्नाच्या पंक्तीत व्याह्यांना अजून ऐकवत असतो. या दोन दरबारांची मोटारीतली आवडही अशीच दोन दिशांची निघावी, हे मला मोठे गमतीचे वाटते.

शिंद्यांकडले माधवराव महाराज, म्हणजे ज्यांनी १९२३ साली आपली वेधशाळा दुरुस्त करून घेतली ते, यंत्रांचे मोठे शौकीन. जेवणाच्या टेबलावर रुळांवरून फिरणारी त्यांची चांदीची आगगाडी ग्वाल्हेरला जाऊन आलेल्या प्रत्येकाने पाहिलेली आहे. १९०८ साली मुंबई-कोल्हापूर मार्गावर मोटारींची एक परीक्षा झाली. एकूण ६२० मैलांची दौड आणि वाटेत सह्याद्रीचे सहा घाट. त्या काळचे घाट, खडीचे रस्ते आणि वाटेत गॅरेज नावाची वस्तू नाही, हे ध्यानात घेतले म्हणजे परीक्षा कसली होती ते कळेल. कोण वेगाने जातो यापेक्षा कोण पोहोचतो, हाच प्रश्न होता. तीत एक रोल्स रॉइस पहिली आली. याच जातीची एक मोटार आदल्या वर्षी विलायतेत पंचांच्या देखरेखीखाली १४,३७१ मैल सक्तीचा एकही थांबा न घेता धावली होती. घाट जिंकून आलेली ही मोटार माधवराव महाराजांनी विकत घेतली. तिचे नाव 'पर्ल ऑफ द ईस्ट', पूर्वेचा मोती. महाराजांनी मोती पारखला तो तेजावरून नव्हे, न थांबण्यावरून.

आता इंदूर. तुकोजीरावांचे चिरंजीव यशवंतराव होळकर, जन्म १९०८ चा, म्हणजे बरोबर त्या मोत्याच्याच सालचा. माणिकबाग राजवाडा त्यांनी जर्मन वास्तुकार म्युथेसियस याच्याकडून अगदी नव्या धर्तीवर बांधवून घेतला, आणि ब्रांकुशी या शिल्पकाराचे पक्षी खरेदी केले. पंख नाहीत, चोच नाही, नुसते उड्डाण! अशा रसिकाला मोटार कशी लागणार? १९३० च्या दशकाच्या मध्यास त्यांनी अमेरिकेतली ड्युसेनबर्ग मागवली. आठ सिलिंडरांचे इंजिन, त्यात हवा कोंबणारा सुपरचार्जर, आणि कारखान्याच्या म्हणण्याप्रमाणे ३२० अश्वशक्ती. अंग चढवले लंडनच्या गर्नी नटिंग या कारागिरांनी. पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जवळजवळ तेरा फूट, आणि एवढ्या लांबीत बसायला माणसे किती, तर दोन. रंग केशरी आणि काळा. ती मोटार पुढे देशाबाहेर गेली. आज जगातले मोटारवेडे तिचे नाव घेतात तेव्हा आपल्या इंदूरचेही नाव घेतात.

मोटारीचे सोडा, क्रिकेटमध्येही इंदूरने आम्हाला हेच शिकवले. १९३६ च्या जुलैत मँचेस्टरला इंग्लंडची आघाडी ३६८ धावांची होती, आणि आपल्याकडून खेळायला उतरले मुंबईचे विजय मर्चंट आणि इंदूरचे मुश्ताक अली. एक बँकेसारखा, दुसरा बाजारासारखा. मुश्ताक पुढे सरसावत, आता बाद होतात की काय म्हणून लोक श्वास धरून बसत, आणि चेंडू सीमेबाहेर. पहिल्या जोडीने २०३ धावा केल्या. मर्चंट ११४, मुश्ताक ११२. आमचे दादा, म्हणजे माझे वडील, हे आकडे सांगून नेहमी म्हणत, "बघ, फरक दोनच धावांचा!" पण मुश्ताक अलींचे नाव घेताना त्यांचा आवाज चढे आणि मर्चंटांचे घेताना चढत नसे, हे मी लहानपणीच टिपून ठेवले होते.

महाराजांची गोष्ट निराळी. ज्याच्या पागेत आणखी दहा मोटारी उभ्या आहेत त्याला लहरी मोटारीचे भय काय? ती रुसली तर दुसरी काढावी. भरवसा की थरार, हा पेच मुळात एकच मोटार परवडणाऱ्याचा आहे. माझा होता.

१९७४ साल. मी कॉलेजात शिकवू लागून पाच वर्षे झाली होती, लग्न व्हायचे होते. दादा वकिली करीत. घर कार्तिक चौकात. नव्या फियाटसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, म्हणून जुनी घ्यायची असे ठरले. रामबागेतल्या आत्यांनी इंदुरात दोन हेरून ठेवल्या. पहिली एका डॉक्टरांची फियाट अकराशे. राखाडी, चार दारांची, गिअरचा दांडा स्टेअरिंगपाशी. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली ही मोटार म्हणजे आपल्या मध्यमवर्गाची सून. शांत, कमी खाणारी, सगळ्यांना सामावून घेणारी. दुसरी मोटार एका कापड गिरणीच्या गोऱ्या इंजिनिअरने मायदेशी परतताना सोडून दिलेली, लाल, दोन आसनांची, तारांच्या चाकांची. १९७३ च्या तेलटंचाईने पेट्रोल महागलेले, त्यामुळे तिला कोणी विचारीत नव्हते. किंमत फियाटच्या निम्मी. तिच्या घराण्याचे नाव मी इथे लिहीत नाही. मी तिचे दुर्गुण सांगणार आहे, आणि कुणाच्या लेकीची चहाडी वर्तमानपत्रातून करू नये.

आई म्हणाली, "हिच्यात बसायचे दोघांनी. मग मी आणि तुझे दादा बसलो, तर तू काय मागून पळत येणार?" दादा फक्त म्हणाले, "पैसे तुझे आहेत. पाहा बाबा." वकील माणूस, साक्षीदाराला कधी उत्तर सुचवायचा नाही.

मी लाल घेतली.

त्यानंतरची दोन वर्षे मी कशी सांगू? पहाटे चारच्या सुमारास, महाकालच्या भस्मारतीला लोक निघत तेव्हा, मी टप उतरवून कालियादेह महालाच्या रस्त्याला लागत असे. त्या मोटारीत बसायचे म्हणजे जवळजवळ जमिनीवरच. मांडी घालून पंक्तीत बसल्यावर ताट जसे हाताशी असते तसा रस्ता हाताशी. स्टेअरिंग बोटभर वळवले की नाक हातभर वळे. पहिल्या गिअरला दात जुळवून देणारी सोय नव्हती. क्लच दोनदा दाबून, मध्ये इंजिनाला जरा चढवून गिअर टाकावा लागे, आणि तो न खरखरता बसला की तबल्याची सम साधल्याचा आनंद होई. साठच्या वेगाला जे वाटे ते आजच्या मोटारीत एकशेवीसला वाटत नाही. कारण वारा, धूळ, निंबाचा वास, कुठे धुणे वाळत घातले आहे त्याचा ओलावा, सगळे आत येई. शिप्रेच्या पाण्याजवळ हवा एकदम गार होते ती जागा मला त्या मोटारीने दाखवली. सायकलीवरून गेलो होतो तेव्हा कळली नव्हती.

आणि लहरी! तिला दोन कार्बुरेटर होते, आणि दोघांनी सारखीच हवा ओढली पाहिजे, एकाने जास्त ओढली की इंजिन खोकू लागे. इंदौर गेटच्या मिस्त्रींनी मला त्यांचे गुपित शिकवले. हातभर रबरी नळी घ्यायची, एक टोक कानात, दुसरे कार्बुरेटरच्या तोंडाशी. आत फुस्स असा आवाज येतो. मग दुसऱ्याशी धरायची. दोन्ही फुस्स एकाच पट्टीत येईतो स्क्रू अगदी केसभर फिरवीत राहायचे. मिस्त्री उत्तम ऐकत. पेटी वाजवणारा सूर लावतो तसे डोळे मिटून. "बाबूजी, ये गाड़ी नहीं, नखरा है," असे दर खेपेला म्हणत, आणि पैसे मात्र अर्धेच घेत. पेट्रोलचा पंप विजेवर चालणारा. टिकटिक थांबली की उतरून पान्याच्या दांड्याने त्याला एक टोला द्यायचा. पंथ पिपलईच्या पोरांना माझी मोटार पाठ झाली होती. लांबून पाहिली की धक्का द्यायला तयार उभी राहत.

एकदा दादांना घेऊन कालियादेहला गेलो. पहिले आणि शेवटचे. टोपी दोन्ही हातांनी धरून बसले होते. महालापाशी उतरून कुंडातल्या पाण्याकडे बराच वेळ पाहत राहिले. माधवरावांनी हा पडका महाल नीट करून घेतला ती हकिकत त्यांनी मला तिथेच सांगितली. मोटारीबद्दल एक अक्षर बोलले नाहीत.

१९७६ च्या ऑगस्टमधली ती रात्र. चार दिवस झड लागली होती. दोनच्या सुमारास आईने हाक मारली. दादांच्या छातीत कळा येत होत्या, अंगाला दरदरून घाम. मी खाली धावलो. सेल्फ मारला, इंजिन नुसते घरघरले. पावसाळी हवेत तिच्या डिस्ट्रिब्युटरच्या टोपणात ओल धरे आणि ठिणगी प्लगपर्यंत पोहोचतच नसे. हे मला ठाऊक होते. टोपण काढून पुसायचे, चुलीपाशी धरून सुकवायचे, हेही ठाऊक होते. एरवी त्यात मौज वाटायची. त्या रात्री माझी बोटे थरथरत होती आणि टोपणाची पकड सुटेना. हँडल मारून पाहिले. वरून आई विचारीत होती, "लागली का रे?" मी उत्तर दिले नाही.

समोरच्या घरातले काका लुंगीवरच उतरले. त्यांची फियाट दोन वेळा खोकली आणि सुरू झाली. दादांना मागच्या बाकावर आडवे केले, डोके आईच्या मांडीवर. इस्पितळात पोहोचलो, इंजेक्शन मिळाले, वाचले. पहाटे बाहेर व्हरांड्यात चहा घेताना मला एकदम सुचले, की ती लाल मोटार सुरू झाली असती तरी काय? दादांना मी आडवे कुठे केले असते? दोन वर्षांत हा विचार मला एकदाही शिवला नव्हता. बिघडणे हा तिचा दोष असेल, पण दोनच माणसांपुरती असणे हा तर दोष नव्हता, ते तिने पहिल्याच दिवशी उघड सांगितले होते. ऐकले नव्हते ते मी.

दादा घरी आल्यावर याबद्दल काही बोलले नाहीत. आईही नाही. बोलले असते तर बरे झाले असते. दसऱ्याच्या आत मी ती मोटार विकली. घेणारा महूचा एक फौजी अधिकारी, अविवाहित. त्याला मी रबरी नळीसकट सगळे समजावून दिले. फियाट आली. तिच्यातून माझी वरात आली, मुले शाळेत गेली, १९८० च्या सिंहस्थात गावभरचे पाहुणे घाटापासून स्टेशनापर्यंत पोहोचवले. एकदा मोजून नऊ माणसे. बावीस वर्षे चालवली. तिच्याबद्दल सांगण्यासारखी गोष्ट मला आठवत नाही, आणि यापेक्षा मोठी शिफारस मोटारीला काय द्यावी? मुंबईच्या रस्त्यांवरून तिच्या कुळातली शेवटची काळी-पिवळी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात उतरली तेव्हा वर्तमानपत्रांनी फोटो छापले. मी कात्रण काढून ठेवले आहे.

दादा १९७९ मध्ये गेले. त्याआधी काही महिने आम्ही आत्यांना भेटायला इंदूरला निघालो होतो. सांवेर मागे पडले, ऊन कलले होते, दादा मागच्या बाकावर डुलक्या घेत होते. मध्येच जागे झाले. "ही मोटार चांगली आहे रे," म्हणाले. "हिच्यात झोप लागते." मला बरे वाटले. मैलभर गेल्यावर पुन्हा म्हणाले, "त्या लालमध्ये झोप लागत नसे." मी आरशात पाहिले. ते खिडकीबाहेर पाहत होते आणि चेहऱ्यावर तेच होते, जे मुश्ताक अलींचे नाव घेताना असायचे. की मला तसे वाटले? विचारायचे राहून गेले.

असो. रविवारी भाचीचा फोन आला. मधल्या दिवसांत मी नातवाकडून माझदाची माहिती काढून घेतली होती. १९८९ साली जपान्यांनी शिकागोच्या प्रदर्शनात ही मोटार मांडली. जुन्या इंग्रजी दोन-आसनी मोटारींची सगळी गंमत घ्यायची आणि रुसवे तेवढे वगळायचे, हा त्यांचा बेत. लोकांना तो पटला. २०१६ पर्यंत अशा दहा लाख मोटारी निघाल्या. म्हणजे माझ्या तरुणपणी ज्या दोन गुणांची एका घरात सोयरीक जुळत नव्हती, ती हिरोशिमाच्या त्या कारखान्याने जुळवून दाखवली. मर्चंट आणि मुश्ताक एकाच अंगात म्हणा ना. मग अडचण कुठे आहे? जपानी मोटारच घ्यावी, असे मी ठरवले होते.

भाचीला मी हे सांगितले, आणि १९७६ ची रात्रही सांगितली. आजोबांची ही गोष्ट तिला कुणी सांगितली नव्हती. ती बराच वेळ गप्प होती. मग मी वकिलाच्या मुलाप्रमाणे प्रश्न विचारू लागलो.

"घरात दुसरी मोटार आहे का?"

"नाही. हे रेल्वेने जातात."

"रात्री-बेरात्री इस्पितळातून बोलावणे येते ना?"

"येते. पण मामा, इस्पितळ घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे. आणि आम्हालाच काही झाले तर रुग्णवाहिका येते."

"सासू-सासरे येतात का तिकडे?"

"येतात तेव्हा टॅक्सी करतो."

माझे प्रश्न संपले. माझ्याकडे सांगण्यासारखे जे होते ते त्या मागच्या बाकावर होते, आणि तिच्या संसारात मागच्या बाकाची गरजच नव्हती. "मग तुझी तू ठरव," म्हणालो. तिने ठरवलेले होतेच, हे तिच्या हसण्यावरून कळले.

पंधरा दिवसांनी पुन्हा फोन. या वेळी तिच्या तोंडाआधी इंजिनाचा आवाज ऐकू आला. "मामा, घेतली. पण थांबली की खोकते. इथला माणूस पुढच्या आठवड्यात येईन म्हणतो."

"किती कार्बुरेटर?"

"दोन."

"घरात रबरी नळी आहे का?"

"तपासायची नळी आहे, स्टेथोस्कोपची."

"चालेल. पण आधी फोन धर. पुढच्याच्या तोंडाशी. जवळ, अजून जवळ. आता मागच्याच्या."

माझे डावे कान आता कामाचे नाही. फोन उजव्याला लावला आणि डोळे मिटले. मागचा जरा जास्त ओढत होता.